उमेद कुठून येते? सरकारी नोकरीतले समाधान आणि प्रेरणा : एक आढावा

रायपूरच्या जुन्या शहरात ब्राह्मणपारा आहे. शेजारी तात्यापारा, बुढापारा, पुरानी बस्ती. छत्तीसगढीत पारा म्हणजे वस्ती, आपल्याकडची आळी. १९०८ साली सुरू झालेले आनंद समाज वाचनालय याच भागातले. सकाळी या गल्ल्यांतून माणसे कामाला निघतात. कोणी कलेक्टर कचेरीत, कोणी शाळेवर, कोणी सरकारी दवाखान्यात, तर कोणी नवा रायपूरच्या बसकडे. नोव्हेंबर २०१२ पर्यंत राज्याचे मंत्रालय जुन्या शहरात, डी. के. एस. भवनात होते. मग ते पंचवीसेक किलोमीटरवरच्या महानदी भवनात गेले आणि पाऱ्यातल्या कारकुनाचा दिवस दोन्ही टोकांनी लांबला.

इथल्या मराठी घरांचा सरकारी चाकरीशी संबंध जुना आहे. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपूरला येऊन राज्य करू लागले, तेव्हा त्यांच्यामागे कारभारी, हिशेबनीस आणि शिपाई आले. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी अ‍ॅग्न्यू याने मुख्यालय रतनपूरहून रायपूरला आणले आणि दप्तरही इकडे आले. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, पुढे मध्य प्रांत झाला, मग मध्य प्रदेश, आणि १ नोव्हेंबर २००० पासून छत्तीसगड. राज्ये बदलली तरी लेखणीवर पोट भरणारी घरे राहिली. याच शहराने उलटे उदाहरणही पाहिले. माधवराव सप्रे यांनी पदवी मिळवूनही इंग्रजांच्या नोकरीकडे पाठ फिरवली आणि १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले. म्हणजे सरकारी नोकरी कशासाठी धरायची आणि कशासाठी सोडायची, हा प्रश्न इथे शंभराहून अधिक वर्षे विचारला जातो आहे.

आज तो वेगळ्या रूपात समोर येतो. सरकारी नोकरीसाठी तरुण पाच-पाच वर्षे अभ्यास करतात. नोकरी लागली की पेढे वाटतात. आणि दहा वर्षांनी त्यांच्यापैकी कितीतरी जण म्हणतात, ‘दिवस ढकलतोय.’ हे का होते? पगार कमी म्हणून, वरिष्ठ वाईट म्हणून, की माणूसच आळशी म्हणून? या प्रश्नावर गेल्या काही दशकांत जगभर आणि आपल्याकडेही बरेच काम झाले आहे. ते एकत्र ठेवून पाहिले तर काय दिसते, ते इथे मांडतो.

समाधान एक, उमेद दुसरी

अभ्यासाची सुरुवात एका साध्या भेदापासून करावी लागते. फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली पिट्सबर्ग भागातल्या सुमारे दोनशे अभियंते आणि हिशेबनीसांच्या मुलाखतींवरून एक पुस्तक लिहिले. कामात फार बरे वाटले तो प्रसंग सांगा आणि फार वाईट वाटले तोही सांगा, एवढेच त्यांनी विचारले होते. वाईट प्रसंगांत पगार, वरिष्ठांची वागणूक, कचेरीचे नियम, कामाची जागा असे विषय आले. चांगल्या प्रसंगांत काम फत्ते झाल्याचा आनंद, शाबासकी, जबाबदारी आणि कामातला रस आला. म्हणजे पगार-भत्ते बिघडले की माणूस नाराज होतो, पण ते सुधारले म्हणून तो आपोआप कामाला भिडत नाही. या मांडणीवर पुढे पुष्कळ टीका झाली. माणूस यशाचे श्रेय स्वतःकडे घेतो आणि अपयश परिस्थितीवर ढकलतो, त्यामुळे उत्तरेच अशी येतात, हा त्यातला वजनदार आक्षेप. तरीही मूळ भेद टिकला.

१९९० मध्ये जेम्स पेरी आणि लॉइस वाइज यांनी त्यात आणखी एक धागा जोडला. लोकांच्या उपयोगी पडावे, सार्वजनिक कामात आपला हात असावा, ही ओढ काही माणसांना सरकारी सेवेकडे आणते. ही ओढ मोजता येते, असे पेरी यांनी पुढे दाखवले. मराठीत या सगळ्यासाठी दोन शब्द पुरतात. नोकरी आपल्याला जे देते त्याने मिळते ते समाधान. आपण कामाला जे देतो त्यामागे असते ती उमेद.

आपल्या विद्यापीठांतून या विषयावर झालेल्या बहुतेक अभ्यासांची रचना एकसारखी असते. एखादी बँक, एखादा जिल्हा, शे-दोनशे कर्मचारी आणि ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच पर्यायांची प्रश्नावली. असे अभ्यास समाधान मोजतात, उमेदीचा अंदाज त्यावरूनच बांधतात. ज्या नागरिकाचे काम व्हायचे होते त्याला कोणी विचारत नाही. ही या अभ्यासांतली मोठी उणीव आहे.

पगार आणि पेन्शन

पगाराबाबत एक गैरसमज आधी दूर करायला हवा. सातव्या वेतन आयोगासाठी अहमदाबादच्या आयआयएमने खासगी आणि सरकारी वेतनाची तुलना केली. सरकारातल्या सर्वांत खालच्या पातळीवरच्या मदतनिसाला भत्त्यांसह महिना २२,५७९ रुपये मिळत होते, तर खासगीत त्याच कामाला ८,००० ते ९,५०० रुपये. त्यानंतर १ जानेवारी २०१६ पासून किमान मूळ वेतन १८,००० रुपये झाले. म्हणजे खालच्या पायऱ्यांवर सरकारी पगार बाजारापेक्षा बराच वर आहे. नियमित कर्मचाऱ्याची उमेद पगाराअभावी आटते, हे म्हणणे इथे टिकत नाही.

इंडोनेशियातून आलेला पुरावा अधिक बोलका आहे. तिथल्या सरकारने प्रमाणित शिक्षकांचे मूळ वेतन दुप्पट केले. संशोधकांनी ३६० शाळांमध्ये त्याचा परिणाम तपासला आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिक्षक पगारावर जास्त समाधानी झाले, जोडधंदे आणि पैशाची ओढाताण कमी झाली. मुलांच्या शिकण्यात मात्र दोन-तीन वर्षांनंतरही फरक पडला नाही. समाधान वाढले आणि काम तिथेच राहिले.

यावरून पगार गौण ठरत नाही. मेक्सिकोत प्रादेशिक विकासाच्या सरकारी पदांसाठी वेगवेगळे वेतन जाहीर करून पाहिले गेले. जास्त वेतन जाहीर झाले तिथे अधिक हुशार माणसे अर्ज करायला आली आणि त्यांची लोकसेवेची ओढही कमी नव्हती. पगार कोण येणार हे ठरवतो. आलेला माणूस कसे काम करील, हे दुसऱ्या गोष्टी ठरवतात.

पेन्शनची गोष्ट वेगळी, कारण तिथे प्रश्न भरवशाचा आहे. केंद्राने १ जानेवारी २००४ नंतर रुजू होणाऱ्यांना नवी अंशदायी योजना लावली. छत्तीसगडने ती १ नोव्हेंबर २००४ पासून, महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून आणली. एकाच कचेरीत, एकाच पदावर, एकाला म्हातारपणाची खात्री आणि दुसऱ्याला बाजाराचा चढउतार, अशी विभागणी झाली. छत्तीसगडने मार्च २०२२ च्या अर्थसंकल्पात जुनी योजना परत आणण्याची घोषणा केली. महाराष्ट्रात १४ ते २० मार्च २०२३ या काळात कर्मचारी त्यासाठी संपावर होते. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून पंचवीस वर्षे सेवा झालेल्याला सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम देणारी एकीकृत योजना सुरू केली. एवढी वर्षे हा वाद पेटता राहतो, त्यामागे आकड्यांइतकीच ‘माझ्याशी वेगळा करार का?’ ही जखम आहे.

महाराष्ट्रात १९७७-७८ मध्ये चौपन्न दिवसांचा संप झाला, त्याच्या आठवणी जुने कर्मचारी अजून सांगतात. र. ग. कर्णिकांचे नेतृत्व, महागाई भत्त्याची मागणी, संसाराची ओढाताण. रायपुरातही २०२२ च्या ऑगस्टमध्ये कर्मचारी महागाई आणि घरभाडे भत्त्यासाठी रस्त्यावर आले. या मागण्या रास्त आहेत. मात्र संपाच्या मागणीपत्रात ‘मला माझे काम नीट करता यावे’ असे कलम क्वचितच असते. संघटनेची भाषा समाधानाची आहे. उमेदीसाठी भांडायची भाषा आपण घडवलेलीच नाही.

नौकरी आणि काम

रायपूरपासून तीसेक किलोमीटरवर भिलाई पोलाद कारखाना आहे. पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली आणि सार्वजनिक क्षेत्रातली नोकरी म्हणजे काय, हे या प्रदेशाला या कारखान्याने शिकवले. घर, शाळा, दवाखाना, क्रिकेटचे मैदान, सगळे नोकरीबरोबर आले. मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी इथे वर्षानुवर्षे राहून अभ्यास केला आणि २०२० मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या मांडणीचा कणा दोन देशी शब्दांवर उभा आहे : नौकरी आणि काम. कायम कामगाराची असते ती नौकरी. ठेकेदाराच्या मजुराकडे असते ते काम. दोघे एकाच भट्टीपाशी उभे असतात, पण मिळकत, सुरक्षा, लग्नसंबंध, मुलांची शाळा यांत त्यांच्यामध्ये एवढे अंतर पडते की पॅरी त्यांना वेगवेगळे वर्ग मानतात.

हे अंतर आता कारखान्याबाहेर, प्रत्येक सरकारी कचेरीत पोहोचले आहे. छत्तीसगडमधल्या शिक्षाकर्मींची कहाणी घ्या. नियमित शिक्षकाच्याच वर्गात, त्याच पुस्तकातून, कितीतरी कमी मानधनावर त्यांनी वर्षे काढली, आंदोलने केली. आठ वर्षे सेवा झालेल्यांचे शिक्षण विभागात संविलियन, म्हणजे विलीनीकरण, व्हायला जुलै २०१८ उजाडला. महाराष्ट्रात शिक्षणसेवक आले. आरोग्य अभियानात संविदा, म्हणजे कंत्राटी, परिचारिका आणि तंत्रज्ञ आले, आणि छत्तीसगडमध्ये त्यांचा मोठा संप २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झाला. न्यायालयाच्या निकालांतही हाच ताण दिसतो. उमादेवी प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मागच्या दाराने आलेल्यांना कायम करण्यावर बंधने घातली. २०१६ मध्ये जगजित सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने हंगामी कर्मचाऱ्यालाही समान कामाला समान वेतनाचे तत्त्व लागू होते, असे सांगितले.

अभ्यासकांचा एक गट म्हणतो की कंत्राटी माणूस जास्त काम करतो, कारण त्याला नोकरी जाण्याची भीती असते. काही शाळांच्या अभ्यासांत असे आढळलेही आहे. मला हा युक्तिवाद अपुरा वाटतो. भीतीने हजेरी भरते. पण ज्याला पुढच्या मार्चनंतर आपण इथे असू की नाही हे ठाऊक नाही, तो पाच वर्षांचा विचार कसा करील? शेजारच्या टेबलावर बसणारा तेच काम करून तिप्पट घरी नेतो, हे रोज पाहणाऱ्याच्या मनात काय रुजते? आणि त्या कायम माणसाच्या मनात काय रुजते? कष्टाचे काम हळूहळू संविदावाल्याकडे सरकते, आणि सुरक्षित माणूसही कामापासून तुटतो.

बदली आणि गोपनीय अहवाल

उमेद मारणाऱ्या गोष्टींत बदलीचा क्रमांक वरचा आहे. लक्ष्मी अय्यर आणि आनंदी मणी यांनी १९८० ते २००४ या काळातल्या आयएएस अधिकाऱ्यांच्या नेमणुका तपासल्या. एका पदावरचा सरासरी काळ साधारण सोळा महिने निघाला, आणि मुख्यमंत्री बदलला की बदल्या वाढत होत्या. सोळा महिन्यांत गाव समजते, काम उभे राहत नाही. महाराष्ट्राने २००५ च्या कायद्याने सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा पदावधी ठरवला. लोक ज्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात तो हाच. सामान्यतः कोणतीही फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ टेबलावर राहू नये, असेही त्यात लिहिले आहे. २०१३ मध्ये टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने किमान पदावधी आणि तोंडी आदेशांची लेखी नोंद यांबाबत निर्देश दिले. कायदे चांगले आहेत. पण ‘अपवादात्मक परिस्थिती’ हे दोन शब्द प्रत्येक नियमाला दार ठेवतात.

हीच बदली प्रेरणाही होऊ शकते, हे पाकिस्तानी पंजाबातल्या एका प्रयोगातून दिसले. मालमत्ता कर निरीक्षकांना सांगण्यात आले की ज्याची वसुली जास्त सुधारेल त्याला हवे ते ठिकाण आधी निवडता येईल. जादा पैसा न देता वसुलीच्या वाढीचा दर तीस ते एकेचाळीस टक्क्यांनी वाढला. बदली शिक्षा म्हणून वापरली की माणूस मोडतो. नियम उघड असला आणि कष्टाला जोडलेला असला, तर तीच बदली त्याला उभे करते.

गोपनीय अहवालांनी उलट दिशेने काम केले. कोणी काय लिहिले हे वर्षानुवर्षे कर्मचाऱ्याला कळत नसे. २००८ च्या देव दत्त निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा, चांगला असो वा वाईट, संबंधिताला कळवला पाहिजे असे ठरवले. आता शेरे कळतात, पण ते बहुतेक सगळ्यांचे ‘उत्तम’च असतात. दहा, वीस, तीस वर्षांच्या टप्प्यांवर वेतनात बढती मिळते, आणि ती न्याय्यही आहे. मात्र रात्री थांबून दप्तर लावणारा आणि चारला निघून जाणारा एकाच दिवशी एकाच पायरीवर चढतात, तेव्हा कचेरी पहिल्याला काय सांगत असते?

बक्षीस, हजेरी आणि मोकळीक

मग कामगिरीला पैसे जोडावेत का? आंध्र प्रदेशात २००५ पासून पाचशे सरकारी शाळांत कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी हा प्रयोग केला. मुलांच्या प्रगतीवर शिक्षकांना बक्षीस मिळे, सरासरी वार्षिक पगाराच्या तीन टक्क्यांच्या आसपास. दोन वर्षांत गणित आणि भाषा दोन्हींत मुले पुढे गेली. रक्कम लहान होती, पण कोणीतरी पाहते आहे हा निरोप मोठा होता.

उदयपूरचा अनुभव याच्या उलट गेला. तिथे परिचारिकांची हजेरी यंत्राने तपासून गैरहजेरीचे पैसे कापायची व्यवस्था झाली. सुरुवातीला हजेरी चांगलीच सुधारली. मग प्रशासनाने ‘सूट दिलेले दिवस’ वाढवत नेले आणि दीड वर्षाच्या आत परिणाम शून्यावर आला. यंत्राने माणूस मोजता येतो, पण वरिष्ठांनाच ते माप नको असेल तर यंत्र काही करू शकत नाही.

गैरहजेरीचे आकडेही सांभाळून वापरावेत. २००२-०३ च्या पाहणीत अचानक भेटीच्या वेळी भारतातले पंचवीस टक्के शिक्षक आणि चाळीस टक्के आरोग्य कर्मचारी जागेवर नव्हते. हा आकडा अजूनही फेकला जातो. २०१७ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनने सहा राज्यांतल्या ६१९ शाळांत पाहिले, तेव्हा विनाकारण गैरहजर शिक्षक अडीच टक्क्यांच्या आसपास निघाले. बाकीचे रजेवर, प्रशिक्षणाला किंवा दुसऱ्या सरकारी कामावर होते. म्हणजे ज्याला आपण कामचुकार म्हणतो, त्याला पुष्कळदा सरकारनेच वर्गातून उचलून नेलेले असते.

नायजेरियातला अभ्यास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इम्रान रसूल आणि डॅनियल रॉजर यांनी तिथल्या ६३ सरकारी संस्थांचे सुमारे ४,७०० प्रकल्प तपासले. जिथे अधिकाऱ्यांना निर्णयाची मोकळीक जास्त, तिथे कामे जास्त पुरी झाली. जिथे देखरेख आणि बक्षीस-शिक्षेचा फास आवळलेला, तिथे कमी. सरकारी काम शंभर हातांतून जाते. त्यातले बरेचसे आकड्यात बसत नाही, आणि आकड्याच्या मागे लागलेला माणूस उरलेले सोडून देतो.

महाराष्ट्राला याचा घरचा अनुभव आहे. १९८० च्या दशकात अनिलकुमार लखिना यांनी अहमदनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात दप्तराची मांडणी, कामाची वाटणी आणि आलेल्या माणसाची बसायची सोय इथून सुधारणा सुरू केली. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ती गाजली. पुढे चंद्रकांत दळवी यांनी पुणे विभागात ‘झिरो पेंडन्सी’ राबवली. सहा गठ्ठ्यांची पद्धत आली : प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची कागदपत्रे. गठ्ठे लावणे किरकोळ वाटते. पण वर्षानुवर्षे धुळीत बसलेल्या कारकुनाला संध्याकाळी रिकामे टेबल दिसते, आपण आज काय संपवले ते दिसते. हर्झबर्गच्या अभियंत्यांनी सांगितलेला आनंद हाच होता. अशा मोहिमा अधिकाऱ्याची बदली झाली की विरतात, आणि पुन्हा सगळे बदलीच्या प्रश्नावर येऊन थांबते.

पाऱ्याची मितानिन

या सगळ्या आढाव्याचा अर्थ मला छत्तीसगडच्याच एका उदाहरणात एकवटलेला दिसतो. २००२ मध्ये राज्याने मितानिन कार्यक्रम सुरू केला. छत्तीसगढी रीतीत मितान बदणे म्हणजे आयुष्यभराची मैत्री बांधून घेणे, आणि मितानिन म्हणजे अशी सखी. प्रत्येक पाऱ्याने आपल्यातलीच एक बाई निवडायची, तिने आरोग्याचे शिक्षण घ्यायचे आणि आपल्याच पाऱ्यात काम करायचे. काही वर्षांतच त्या साठ हजारांच्या घरात गेल्या. २००५ मध्ये देशभर आलेल्या ‘आशा’ योजनेने या अनुभवाचा आधार घेतला.

सुरुवातीला त्यांना पगार नव्हता. तरी त्या रात्री-अपरात्री बाळंतिणीबरोबर दवाखान्यात गेल्या, कुपोषित मुलांच्या घरी गेल्या, रेशन मिळत नाही म्हणून भांडल्या. त्यांना कोणी हजेरी लावायला सांगितले नव्हते. ज्या पाऱ्याने निवडले तो पारा समोर होता आणि केलेल्या कामाचे फळ डोळ्यांसमोर चालत-बोलत होते. पेरी-वाइज यांनी ज्या ओढीबद्दल लिहिले ती इथे रोज दिसत होती.

पण या गोष्टीचा दुसरा भाग सांगितला नाही तर पहिला भाग अन्याय ठरेल. बायकांची उमेद फुकट मिळते म्हणून तिच्यावर राज्य चालवणे बरोबर नाही. पुढे कामागणिक प्रोत्साहन रक्कम आली, कल्याण निधी आला, तरी मानधनासाठी आणि वेळेवर पैशासाठी त्यांना आंदोलने करावी लागली. महाराष्ट्रातल्या आशा आणि अंगणवाडी ताईंचीही तीच लढाई आहे. समाधानाची बाजू सरकारने उचलली नाही तर उमेद थकते, आणि थकलेल्या उमेदीला आपण मग उदासीनता म्हणतो.

काय करावे

पगार आणि पेन्शन न्याय्य आणि भरवशाची असावी. एकाच कामाला दोन प्रकारची माणसे ठेवू नयेत. नेमलेल्या माणसाला तीन वर्षे जागेवर राहू द्यावे आणि बदलीचे नियम भिंतीवर लावावेत. शेरे खरे लिहावेत आणि समोर बसून बोलावेत. शिक्षकाला शिकवू द्यावे, परिचारिकेला रुग्ण पाहू द्यावा. कारकुनाच्या टेबलावर निर्णयाचा थोडा तरी अधिकार असावा. छत्तीसगडचा २०११ चा लोकसेवा गॅरंटी कायदा आणि महाराष्ट्राचा २०१५ चा सेवा हक्क कायदा मुदत चुकल्यास दंड सांगतात. वेळेत झालेल्या कामाची पोच त्या खुर्चीवरच्या माणसाला पोहोचवायची सोयही त्यांनी करावी.

यातल्या पहिल्या गोष्टी वरून देता येतात. उमेद वरून देता येत नाही. ती कामाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाकडून येते. महानदी भवनात फाईल पुढे सरकवणाऱ्याला ते दुसरे टोक दिसत नाही. त्याच्यासाठी अर्जदार म्हणजे एक आवक क्रमांक. बस्तरच्या एखाद्या शाळेचे छप्पर त्याच्या टिपणीमुळे पावसाआधी झाले, हे त्याला कोणी कळवत नाही. संध्याकाळच्या बसने तो ब्राह्मणपाऱ्यात उतरतो. तिथे गल्लीतल्या विधवा आजींचा पेन्शनचा कागद तो लिहून देतो, शेजारच्या मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी कोणाला भेटायचे ते सांगतो, आणि त्याचा थकवा कुठे जातो ते त्यालाही कळत नाही. तोच माणूस, तेच ज्ञान, तशीच कागदपत्रे. पाऱ्यात तो ज्याचे काम करतो त्याचा चेहरा त्याला दिसतो. कचेरीतही तो दिसेल अशी व्यवस्था करणे, हे शासनाचे काम आहे.